सहा किलोमीटर खडी

अफरोजच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं.
बाहेर कापसाचे ट्रॅक्टर, ओळीनं, जिनिंगकडे;
आत आम्ही सात जण, एक स्टूल, ऑइलचे दोन रिकामे डबे,
आणि बियाण्याच्या कंपनीचं पोस्टर, उलटं पसरलेलं.
मागची बाजू कोरी.
तिच्यावर रविवार काढायचा होता.

ढोकेनं सुरुवात केली, कानावरची पेन्सिल काढून.
लाइनमन माणूस, त्याला गावं खांबांवरून ठाऊक.
"बोरीच्या पुलापर्यंत डांबर चांगलं हाये.
पुढं दोन वळणं, मंग चढ. चढ असा का
डोयाले दिसत नाई, पोटऱ्याले समजते."

वाऱ्यावरून अर्धा तास गेला.
मडावी मास्तर म्हणाले, पूर्वेला निघायचं,
पाय ताजे आहेत तोवर वारा तोंडावर घ्यायचा,
परतीला तोच पाठीवर हात ठेवतो.
हर्षलच्या मोबाइलमधला वारा काही वेगळं सांगत होता.
मास्तरांनी रस्त्यापलीकडच्या तुरीकडे बोट केलं, नुसतं.
शेंडे पश्चिमेला वाकलेले.
मोबाइल खिशात गेला.

"पाचला निघू." "थंडी हाये ना बाप्पा!" "मंग साडेपाच.
पण साडेपाच म्हणजे साडेपाच, साडेसहा नाई."
सगळ्यांनी गोवर्धनकडे पाहिलं.
गोवर्धन भिंतीवरच्या चेनी पाहत राहिला.

नाश्त्याला मात्र दुसरं मत नव्हतं:
फाट्यावर रेवताबाईंची कढई, पोहे, वरून तर्री,
आणि अफरोजला आतली तर्री, खालची, लाल.
ट्यूब प्रत्येकी दोन. गोखरूचे दिवस,
बाभळीचा काटा तर बाराही महिने.
पंप एक दुकानातला, एक माझा,
टपालाच्या पिशवीत गावोगाव फिरलेला.
सगळ्यात हळू जो, तो पुढे राहील, असं ठरलं.
म्हणजे मी. कुणी बोललं नाही.
ढोकेनं कोपऱ्यात वेग लिहिला, अठरा.
मी मनातल्या मनात सोळा केला.

मग पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला,
"मी नाई येत. सबस्टेशनवर ड्यूटी लागली.
सकाळी सहा ते दोन."

इतका वेळ तो आमचाच रस्ता काढत होता.

प्रज्ञानं पोस्टर स्वतःकडे फिरवलं.
"सबस्टेशन कुठं येते ह्याच्यात?"
"येतच नाई. पुलाच्या अलीकडं डावीकडे, सहा किलोमीटर आत.
खडी टाकून ठेवली हाये.
डांबर दिवाळीपासून येऊन राह्यलं."
"माह्या टायरचं काय मंग?" गोवर्धन पहिल्यांदा बोलला.
त्याची सायकल नवी, टायर बोटाएवढे.
"हातात धरून चाल ना बे," अफरोज म्हणाला,
"पाय तर खडीतलेच हायेत तुहे."

खोडरबर नव्हतं. प्रज्ञानं थुंकी लावून बोटानंच
जुनी रेघ पुसली, तिथं राखाडी ढग झाला.
नवी रेघ वाकडी, डावीकडे वळलेली,
शेवटी एक चौकोन, चौकोनात वीज.
"इथं चहा. तू करायचा. सात कप."
ढोके हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.
आकडा तेवढा त्यानंच बदलला:
बहात्तरचे चौऱ्याऐंशी.

शनिवारी रात्री सायकल ओसरीवर.
टायर अंगठ्यानं दाबून पाहिले, परत पाहिले,
बाटल्या भरल्या, गूळ-शेंगदाणे कागदात बांधले,
कुणाला न सांगितलेल्या गुडघ्याला तेल लावलं.
तेवढ्यात लाइट गेली.
मी मोजलं: एक, दोन, तीन.
आली.

ढोकेची ड्यूटी सकाळची. त्याचा काही संबंध नसणार.
तरी बल्बकडे पाहून म्हटलं,
"हो रे बाबा, येतो आम्ही,"
आणि साडेचारचा गजर पावणेपाच केला,
मग पुन्हा साडेचार.