चाळीस सेकंद

झुगदिदीत हेझलनटचं गोदाम, त्याच्यावर ऑफिस,
सहा संगणक, एक सर्व्हर,
आणि फोनवर एकच तक्रार: सगळं हळू चालतं.

हळू म्हणजे किती, मी विचारलं.
हिशेबनीस इझोल्दा, वय बासष्ट, म्हणाली:
सकाळी बटण दाबते, खाली जाते,
एका पोत्याचा ओलावा तपासते,
कॉफी उकळते, पिते, कप पालथा घालते,
गाळात दिवस कसा जाणार ते बघते,
वर येते,
तर पडद्यावर अजून तेच: सुस्वागतम्.

सर्व्हर झाडूच्या कपाटात.
डोक्यावर लोणच्याची बरणी, अंगावर धुळीची साय.
मी आधी नेहमीचं केलं.
केबल ओढून पाहिल्या, स्विचचे दिवे मोजले,
डिस्कला कान लावला.
मागे मालक जाबा उभा.
नवी मशिनं घ्यावी लागतील का,
त्याने तीनदा विचारलं, तीन वेगळ्या आवाजांत.
यंदा भाव पडलेत.

थांब जरा, म्हटलं.

दुपारी सापडलं.
गेल्या हिवाळ्यात इंटरनेटवाल्यांचा एक पोरगा येऊन
प्रत्येक संगणकाला पढवून गेला होता:
कुणाचाही पत्ता हवा असला की बाहेर विचार.
तेव्हापासून सहाही जण
चार पावलांवरच्या कपाटातल्या सर्व्हरचा पत्ता
समुद्रापलीकडच्या परक्यांना विचारत होते.
परके म्हणायचे, असं कुणी आमच्या ऐकिवात नाही.
हे पुन्हा विचारायचे.
काखेत कळसा म्हणतात तो हाच,
फक्त या गावाला वळसा घालायला
रोज अकरा मिनिटं लागायची.

सहा ठिकाणी एक आकडा बदलला.
अकरा मिनिटांचे चाळीस सेकंद झाले.
जाबाने टाळी दिली, बाटली आणायला खाली पळाला.
मला ते चाळीस खुपत राहिले.
पुरे की आता, इझोल्दा म्हणाली.
जरा घाईनेच.

सुरुवातीच्या आज्ञांची फाइल उघडली. नऊ ओळी.
सातवी:
'ओतिया' नावाच्या संगणकावरचं 'हंगाम' फोल्डर जोड.

ओतिया कुठला? नेटवर्कवर तर दिसत नाही.

तिने खिडकीकडे हनुवटी केली.
तिथे आता वजनकाटा आहे.
जाबाचा बाप. चार वर्षं झाली.
त्याचं मशिन भंगारात गेलं,
टेबल एका पुतण्याने नेलं,
ओळ तेवढी राहिली.
रोज सकाळी सहाही संगणक
त्या खिडकीशी जाऊन हाक मारायचे,
चाळीस सेकंद उभे राहायचे,
मग काही न बोलता आपापल्या कामाला लागायचे.

तुला माहीत होतं?
ती हातातलं हेझलनट सोलत राहिली.
त्याच्या फाइली मीच सर्व्हरवर आणल्या, म्हणाली.
ओळ काढणं माझ्या पगारात नव्हतं.

पुसायला एक कळ पुरते.
मी ओळीच्या आधी तीन अक्षरं टाकली.
ती असली की यंत्र ती ओळ
वाचत नाही, ओलांडून जातं.
माणसाला दिसते.
तिला दाखवलं. तिने चष्मा कपाळावर सरकवून
पडद्याला नाक लावून वाचल्या,
नऊच्या नऊ.

जाबा बाटली घेऊन वर आला तेव्हा
सहाही पडदे जागे, झगझगीत.
पहिला प्याला गिऱ्हाइकांचा, मग माझा,
मग गेलेल्यांचा.
तो आला तेव्हा इझोल्दाने
माझ्याकडे पाहिलं नाही.
नंतर म्हणाली, आता कॉफी कधी प्यायची?
कुणालाच पटकन सांगता येईना.

बिलावर लिहिलं: पत्ते दुरुस्त, नग सहा.
दुसऱ्या कामाला काय म्हणावं ते सुचेना,
रकाना तसाच ठेवला.
जाबाने वर पिशवीभर नवे हेझलनट दिले,
अजून ओलसर.
कुतैसीपर्यंत व्हॅनच्या खिडकीशी
ऊन जिकडे वळेल तिकडे पिशवी फिरवत बसलो.