मडके, नग एक

संगीत महाविद्यालयाच्या भांडारात अण्णा बत्तीस वर्षं होते.
एकाहत्तर सालच्या डेडस्टॉक वहीत,
दोन सतारी आणि सात सतरंज्या यांच्यामध्ये,
त्यांच्या टाकाच्या अक्षरात एक ओळ आहे:
मडके, मातीचे, नग एक. वाजते.

तंजावूरचे सेतुमाधव राव.
आडनाव विचारलं की गाव सांगायचे.
वडोदरा स्टेशनवर उतरले ते दुलईचं गाठोडं पोटाशी धरून,
आणि टांगेवाल्याला पहिलं वाक्य:
खड्डा आला की आधी सांग.

दांडिया बाजारात आमच्या दोन खोल्यांत
ते नवरात्रभर राहिले.
मराठी आमचीच, पण तीनशे वर्षं कावेरीचं पाणी प्यालेली.
आई म्हणायची, पोथीतला माणूस पानावर बसलाय.

शेजारच्या चंपाबेनचा गरबो त्यांनी हातात घेऊन पाहिला.
याला इतकी भोकं कशाला?
उजेड बाहेर यायला.
ते हसले. माझ्याला एकच. काय यायचं ते तिथूनच.

रात्री खाली टाळ्या चालू असायच्या.
ते मांडीवर बोटं मोडत मोजायचे, आणि अधूनमधून सांगायचे:
मामानं सहा वर्षं घटम् दिलाच नाही,
तांदूळ निवडताना सुपावर वाजवायला लावलं.
मग अडतीस वर्षं गवयाच्या मागे, मृदंगाच्या बाजूला,
जाहिरातीत नाव तळाला,
छापखान्याच्या पत्त्याच्या जरा वर.
आणि तनि आवर्तन आलं
की अर्धी सभा कॉफीला उठते.
मद्रासनं मला कपबशांत ऐकलंय, भागवतजी.

अष्टमीला सूरसागरच्या काठी, कॉलेजच्या हॉलमध्ये,
दीडशे माणसं. कधी उठायचं असतं
हे एकालाही ठाऊक नव्हतं.
त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली,
मडक्याचं तोंड पोटाला लावलं.
अकरा मिनिटं.
पोट आत गेलं की आवाज खोल जायचा,
विहिरीत घागर बुडते तसा;
नखांनी सुपातले तांदूळ.
कुणी उठलं नाही.
आत येऊन ते कितीतरी वेळ घाम पुसत राहिले, नुसता घाम नसावा तो.
उपासामुळे कँटीन बंद होतं,
हे अण्णांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

निघताना मडक्याला केसाएवढा तडा दिसला.
तिकडे हे आता चालणार नाही, म्हणाले,
इथे ठेवा.
ऑडिटरनं लाल शेरा मारला: मडके का? कुणाच्या आदेशाने?
अण्णांनी उत्तर दिलं नाही. तो शेरा अजून आहे.

पुढे त्यांना दिल्लीची शाल मिळाली.
पेपरातल्या फोटोत डावीकडून दुसरे, नाव चुकलेलं.
पत्रं यायची मराठीत, पण तमिळ लिपीत.
रेल्वेतले एक अय्यर मोठ्यानं वाचायचे,
त्यांना अर्थ कळायचा नाही;
अण्णांना अर्थ कळायचा, अक्षर नाही.
असं दोघांचं मिळून एक पत्र व्हायचं.
शेवटच्यात एवढंच: उजवी करंगळी येईना.
मग अय्यरांची बदली झाली.
नंतरची दोन पाकिटं तशीच आहेत.

भांडार मोडलं तेव्हा लिलावात मी ते अकरा रुपयांना घेतलं.
वहीत नव्या माणसानं लिहिलं होतं: फुटके, निकामी.
हिनं पाणी भरून पाहिलं.
गार होत नाही, आणि गळतं.
मडकं म्हणून काही कामाचं नाही, म्हणाली.
तरी फळीवर ठेवलंय.
पुसताना कधी तिची बांगडी लागते,
आणि फडकं तसंच हातात धरून
ती जराशी थांबते.