चौथा कॅमेरा

सोहारच्या जुन्या बाजारात, मासळीच्या लिलावाच्या पलीकडे
कुट्टीहसनचं किराणा दुकान.
चार कॅमेरे हवेत म्हणाला आणि लगेच चहा मागवला,
म्हणजे भाव पाडणार.

मी आधी ड्रिल काढत नाही. आधी हिंडतो.
गिऱ्हाईक आत आल्यावर कुठल्या अंगाला वळतं,
दुपारी चारचं ऊन कोणत्या काचेतून घुसतं,
फ्रीजमागे प्लग आहे की नुसतीच भोकं,
आणि बोलताना मालक कुणाकडे बघायचं टाळतो.
मग बिलाच्या पाठीवर दुकान काढतो:
दार, गल्ला, तांदळाची थप्पी,
एक त्रिकोण इथून, एक तिथून.
त्रिकोणात जे येत नाही
त्याला आमच्या धंद्यात आंधळा कोपरा म्हणतात.

पहिला दारावर. फार उंच नको,
उंचावरून नुसत्या टोप्या आणि टकलं दिसतात,
चोर काही मान वर करून सलाम करत नाही.
दुसरा गल्ल्यावर, चेहऱ्यापेक्षा हात दिसतील असा.
तिसरा मागच्या गल्लीत.
तिथे समुद्राची खार महिन्याभरात काच आंधळी करते,
रात्री त्या न दिसणाऱ्या उजेडाला किडे येतात
आणि किड्यांमागून कोळी.
बारानंतरचे निम्मे चोर आठ पायांचे असतात,
हे मी आधीच सांगून ठेवतो.

"आणि चौथा इथे."
कुट्टीहसनने पडदा सारला.
गोण्यांमागे दोन गाद्या, एक टेबल फॅन,
खिळ्याला इस्त्रीची एकुलती एक पँट.
पोरं झोपतात तिथे.
"साबण कमी होतोय," तो म्हणाला.

मोनिरुल शिडी धरून उभा होता.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
शिडीचा पाय उगाच जरासा सरकवला.

आडनाव माझं मुकादम.
इथे सगळ्यांना वाटतं हुद्दा आहे.
गुहागरात आमच्या तीन पिढ्यांत कुणी मुकादमी केली नाही,
मीही शिड्याच वाहतो.
पण त्या दिवशी म्हटलं, असू दे, हुद्दा तर हुद्दा.
म्हटलं, अरबाब, इथवर वायर पोचणार नाही.
खोक्यात साठ मीटर होती.
म्हटलं, छत जिप्समचं, वजन पेलणार नाही.
कॅमेरा माझ्या चपलेपेक्षा हलका.
त्याने भुवई चढवली.
शेवटी म्हटलं, साबण गोण्यांवरच ठेवता ना?
मग गोण्याच बघू की.

लावला गोण्यांवर.
स्क्रीनवर पडद्याची कड येत होती.
वर चढून बोटभर फिरवला,
मग आणखी अर्धं बोट.
कड गेली.
"दिसतंय का?" वरूनच विचारलं.
"सगळं दिसतंय," कुट्टीहसन म्हणाला.

कुठल्याही मशीनमध्ये पहिलं चित्र माझंच असतं.
काच पुसणारा अंगठा, मग दोन नाकपुड्या,
कपाळावर जिप्समचा भुगा, दातांत स्क्रू.
कुणी बघत नाही.
तीस दिवस राहतं, एकतिसाव्या दिवशी
मशीन त्यावर कुणाचं तरी दूध-पाव घेणं लिहून टाकतं.
सोहारच्या साठ-सत्तर दुकानांतून
मी असा आलो आणि पुसला गेलोय.

महिन्याने काचा पुसायला गेलो
तर कुट्टीहसन मोबाइल घेऊन दारातच.
चोर सापडला होता.
पहाटे तीन सतरा, गोण्यांवरून
चंदनी साबणाची वडी ओढत नेणारा
मांजराएवढा उंदीर.
अख्ख्या बाजाराला दाखवून झालं होतं,
मला दोनदा दाखवला.
पोरंही हसत होती, जरा जास्तच.

मी शिडी लावली, काच पुसली.
पडद्यामागून टेबल फॅनची खडखड येत होती,
आणि मध्येच कुणीतरी
हलक्या आवाजात फोनवर काहीतरी समजावत होतं.
ते कशातच उतरत नव्हतं.
बिनमाइकचं स्वस्त मॉडेल
मीच सुचवलं होतं.