चुंबळ

तीन कोटेशनं आली.
तिन्हींत टेबलावर एकच बाई झोपलेली,
गोरी, हसरी, पाठीला काही न झालेली.

लोटलीकर हिशोबातले, ते आधी शेवटचं पान उघडतात.
डॉक्टर उकिडवे विचारतात, वरची फळी कार्बनचीच ना,
कडेच्या पट्ट्या चित्रात येणार नाहीत ना.
मला कुणी विचारलं नव्हतं. मीच विचारलं,
खाली येऊन येऊन किती येतं?
अडुसष्ट सेंटिमीटर, कंपनीचा मुलगा म्हणाला, कौतुकानं.

मला कोपरखैरण्याच्या सुगंधाबाई आठवल्या.
चार फूट आठ इंच, मणका सरकलेला,
एक पाय स्टुलावर, एक हवेत,
आणि मागून मी त्यांना धरलेलं, दोन्ही हातांनी,
श्वास न घेता.

इथे तुर्भ्याला पाठी येतात बाजारातून,
कांदा-बटाट्याच्या, मसाल्याच्या, धान्याच्या गाळ्यांतून.
माणूस नाव सांगायच्या आधी सांगतो
किती वर्षं, किती किलोचं पोतं.
मला सांगायची गरज नसते.
चौथा मणका पाचव्यावर टेकलेला असतो,
मधली गादी वखारीतच कुठेतरी राहिलेली.

पालथे व्हा, मी म्हणते.
पहिल्यांदा जमलं होतं तेव्हा
घरच्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं असेल.
आता सात मिनिटं लागतात, दोन वॉर्डबॉय,
आणि दर दोन इंचाला एकदा आई.

उशांचं तर बोलायलाच नको.
एक आहे रेक्झिनची, कोपऱ्यातून फोम डोकावणारी.
एक माझ्या घरची.
तिची चेन एकदा पडद्यावर उमटली होती,
कण्याशेजारी दुसरा कणा, बारीक दातांचा.
त्या रात्री मी चेन उसवून टाके घातले.
कोटेशनमध्ये उशा 'ऐच्छिक' या सदरात.
लोटलीकरांनी त्यावर पेन्सिलीनं रेघ मारली.

डेमोच्या दिवशी मुलगा म्हणाला, कुणीतरी झोपा ना वर.
सगळे एकमेकांकडे पाहू लागले.
दारात सर्जेराव पारठे नंबर लावून बसलेले,
गाव जावळीत, उमर मसाला मार्केटात.
मी झोपतो, म्हणाले,
नाहीतरी माझ्यासाठीच चाललंय.

चढले. पालथे झाले. गप्प झाले.
मुलगा सांगत होता, अडीचशे किलो पेलतं सर.
खालून आवाज आला,
अडीच क्विंटल? मग हमाली कोण देतं त्याला?
हसले सगळे. लोटलीकरसुद्धा.

मग म्हणाले, बाई, पोट दाबतंय, दम कोंडतोय.
मी उशी शोधू लागले तर म्हणाले, उशी नको.
चादरी द्या दोन.
झोपल्या झोपल्या, मान वळवून, त्यांनी पिळे घातले,
एक छातीखाली सारला,
एक मला दाखवून कमरेच्या हाडांखाली.
मधे रिकामं ठेवा, म्हणाले.
चुंबळ मधे पोकळ असते ती काय उगीच?
भार कडेवर बसला पाहिजे.

पोट सुटं झालं. पाठ हळूहळू उतरली,
भरतीनंतर खाडी उतरते तशी, न दिसता.
डॉक्टर उकिडवे वाकून बघत राहिले.
हेच जेलचं साडेनऊ हजारांना आहे, मुलगा पुटपुटला.

टेबल आलं शेवटी, दुसऱ्याच कंपनीचं.
त्रेसष्टपर्यंत उतरतं.
पाच सेंटिमीटर मिळाले मला, बावीस वर्षांत.
स्टूल अजून लागतं, पण बुटकं.
उशांची फाइल लोटलीकरांच्या टेबलावर आहे.
रेघ खोडलीय म्हणतात, मी पाहिलेली नाही.

तोवर दोन चादरी आहेत.
रोज सकाळी मशीन तापेपर्यंत मी पीळ घालते,
सैल झाला तर पुन्हा घालते.
मधली जागा हातानं चाचपून बघते,
रिकामी आहे ना.