टच चालतोय का बघा

जानेवारीपासून तिसऱ्यांदा आली.
फक्त काच बदला, म्हणाली, डिस्प्ले नको,
डिस्प्ले परवडायचा नाही.
पावतीवर नाव : पौर्णिमा कोळेकर, विश्रामबाग.
कारण लिहायला एक रकाना असतो.
पहिल्यांदा 'पडला'. दुसऱ्यांदा 'पडला'.
या वेळी मी पेन नुसतं धरून बसलो
आणि ती गणपती पेठेतल्या रिक्षांकडं बघत राहिली.

पडलेला फोन कोपऱ्यावर फुटतो.
हा मधोमध फुटला होता.
बारा वर्षं काचा काढतोय.

मनगटावर पिवळं काहीतरी होतं.
मला वाटलं हळद. सांगलीत कुणाच्याही अंगावर असू शकते,
यार्डातनं नुसतं चालत आलं तरी.
तिनं ओढणीनं पुसल्यासारखं केलं.
गेलं नाही ते.

नवी काच बसली. तिनं लॉक उघडून दिलं,
आणि माझ्या बोटाखाली येत राहिलं
पिल्लू : कुठंयस
पिल्लू : मागं कोण उभाय, फोटो पाठव
पिल्लू : सॉरी ना
पिल्लू : मरतो मग मी, तुला तेच पायजे
पिल्लू : ते फोटो अजून आहेत माझ्याकडं
सत्तेचाळीस.
मी वाचत नव्हतो. टच चालतोय का बघत होतो.

खोटं कशाला बोलू.
दिवाळीच्या आधी एक पोरगा आला होता,
इन केलेला शर्ट, 'दादा, दादा'.
गर्लफ्रेंडचा फोन आहे म्हणाला, सरप्राईज द्यायचंय,
ती कुठं जाते तेवढं मला दिसू दे.
पाच मिनिटांचं काम. दीडशे घेतले,
त्यातनं भडंग आणलं, दुकानात सगळ्यांनी खाल्लं.
त्या फोनचं कव्हर जांभळं होतं.
हिचंही जांभळं आहे.
जांभळी कव्हरं मीच विकतो, डझनानं.

सेटिंगमध्ये गेलो.
होतं.

"ताई, यात एक आहे. काढू?"
तिनं काय ते विचारलं नाही.
"काढलं की त्याला कळेल?"
"कळेल."
"लगेच?"
"लगेच."
ती बोटं मोजत बसली, वार मोजत असावी.
"मग आज नको. गुरुवारी मिरजेला मावशीकडं जातीय.
कसं काढायचं ते लिहून द्या,
फोनात नको, कागदावर."

पावतीच्या मागं लिहिलं, मोठ्या अक्षरात.
पुढं कारणाचा रकाना कोरा.
पैसे दिले तिनं. मी दीडशे परत केले.
हे कशाचे, म्हणाली.
सुटे आहेत, म्हटलं.