दुखण्याला धीर नसतो

पाच एमएमची काच, चार फूट बाय सहा.
ठाकुरद्वारच्या दुकानात घोडीवरून घसरली
आणि माझ्या पाठीत उभी राहिली.

चाळीस वर्षं मी काच कापली.
हिरकणीची एक रेघ, एक टिचकी;
रेघ सोडून काच कधी फुटत नाही.
माझ्यातही तिनं शिस्त पाळली:
मज्जारज्जू अर्धाच कापला. उजवा.

परळच्या वॉर्डात डॉक्टर बारदेसकर,
माझ्या धाकटीच्या वयाच्या,
नादकाटा टेबलावर आपटून उजव्या घोट्याला लावतात.
घुमतंय का, काका?
नाही.
डावीकडे?
घुमतंय की. पार हाडात.
मग टाचणी. डावीकडे कापूस टोचल्यासारखं.
उजवीकडे, आई गं.

म्हटलं, बाई, हिशेब चुकतोय.
तार तुटली उजवी
आणि टोचलेलं कळेना डाव्या पायाला?

त्यांनी केसपेपर उलटा केला, दोन रेघा ओढल्या.
घुमणं, हलका स्पर्श, पाय कुठं आहे याची खबर,
ही आपल्याच बाजूनं वर चढते,
थेट कवटीच्या दाराशी जाऊन मग बाजू बदलते.
दुखण्याला तेवढा धीर नसतो.
ते कण्यात शिरल्या शिरल्याच रस्ता ओलांडतं,
समोरच्या फुटपाथनं मेंदूकडे निघतं.

घरी आल्यावर डाव्या पायावर चहा सांडला.
वाफ दिसली. बघत राहिलो,
शेजाऱ्याच्या पायावर सांडल्यासारखा.
ओरडली कुंदा.
फोड माझा, आणि हाक तिच्या तोंडून.
आता आंघोळीचं पाणी आधी तिचा हात बघतो.

उजव्याची तऱ्हा निराळी.
दिवा मालवला की तो हरवतो.
सरळ आहे, मुडपलाय, की पलंगाखाली लोंबतोय,
कुणास ठाऊक. बघितला तर असतो,
नाहीतर नसतो.

काल दोन वाजता चादरीखाली चाचपत होतो,
सापडली ती उशी.
तेवढ्यात डास चावला. कुठंतरी खाली,
माझ्या हद्दीत.
खाज निघाली, लगेच पलीकडे गेली,
डाव्या अंगानं वर आली,
जखमेला वळसा घालून.

हात उचलला होता मारायला.
खाली ठेवला.

कुंदा झोपेतच म्हणाली, काय शोधताय मघापासून?
सापडला, म्हटलं. झोप तू.