किती फूट?

कुपवाडहून उरलेला पत्रा आणला श्रेणिकनं.
कॅबिनेटच्या कमानी ग्राइंडरनं कापल्या,
तिसरी जरा वाकडीच राहिली.
वर करडा रंग,
आणि चहाच्या चोथ्याचं शेवाळ.
आयर्विन पूल, टेबलावर मावेल एवढा.

आत मदरबोर्ड, दोन पंखे,
नळ्यांतून फिरणारं गार पाणी.
त्यात टाकलेला रंग निळा नाही,
ऑगस्टमधला.

खांबावर फुटांचे आकडे.
प्रोसेसर तापेल तसे दिवे चढतात,
चाळीसला पिवळा,
पंचेचाळीसला लाल.

पाठीला चार स्क्रू गंजके.
ते जुन्या कॉम्प्युटरचे,
जो आम्ही माळ्यावर ठेवून गेलो होतो
निर्धास्त.
गावभागात त्या साली
पाणी माळाही बघून गेलं.

पप्पा येता-जाता विचारतात,
"किती फूट?"
"एकोणतीस. गेम बंद आहे."
"बरं," म्हणतात, आणि ताटावर बसतात.

परवा व्हिडिओ रेंडरला लावून
श्रेणिक झोपला.
सकाळी टेबल रिकामं.
पूल कपाटावर,
खाली दोन विटा,
वायर ताणून जेमतेम पोचलेली,
लाल दिवा अजून चालू.

शेजारी, खुर्चीत बसल्या बसल्या
पप्पांना डोळा लागलेला.